सुरंगवाडीचं बाकडं

वाचकहो, सभेत ठराव मांडला जातो आणि हात वर करून तो मंजूर होतो, हे तुम्ही पुष्कळदा पाहिलं असेल. काशीराम तात्यांच्या संस्थेत मात्र हात वर करायची पद्धत नव्हती. तिथे ठराव मंजूर व्हायचा तो गाऱ्हाण्यात!

आमच्या मालवण मुलखात कुठल्याही कामाला हात घालण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. नारळ पुढ्यात ठेवून एक जण खड्या आवाजात देवाला काय ते सांगतो आणि जमलेली मंडळी त्याच्या प्रत्येक वाक्याला साथ देतात, "व्हय म्हाराजा!" तात्यांचा आवाज असा की कट्टा गावच्या बाजारात बोलले तर बाजाराच्या दुसऱ्या टोकाचा दुकानदार मान वर करून बघेल. त्यामुळे गाऱ्हाणं नेहमी तेच घालायचे, आणि देवाशी बोलता बोलता संस्थेचं कामकाजही उरकून घ्यायचे.

दोन हजार तीन सालच्या सहामाही सभेतही तसंच झालं. 'किनारा युवक आधार संस्थे'च्या छायेखालची अकरा गावांची अकरा युवक मंडळं कट्ट्याच्या सभागृहात बसली होती. तात्या माइकसमोर उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरू झाले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी अकरा मंडळांची लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकरांनी शिकान मोठा होवचा, सरकारी नोकरीक लागाचा, म्हणान येत्या दिवाळीपासून अकराच्या अकरा गावांत अभ्यासिका सुरू होवची आसा. ती तू नीट चालवन घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

छप्पर दणाणलं. चिटणीसांनी इतिवृत्तात लिहिलं, 'ठराव एकमताने मंजूर.' तात्यांनी डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते. एवढी मुलं, आणि सगळ्यांचं एकच मन! माणसाला आणखी काय हवं?

तात्यांना हसण्याआधी त्यांची गोष्ट ऐकून घ्या. त्यांनी पस्तीस वर्षं एस.टी.त काढली, त्यातली शेवटची वीस मालवण स्टँडवर कंट्रोलर म्हणून. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. रोज मुंबईची गाडी तेच सोडत. पत्र्याची ट्रंक मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेली अठरा-वीस वर्षांची पोरं आणि खाली उभ्या राहून पदराने तोंड पुसणाऱ्या त्यांच्या आया, हे सगळं ते केबिनच्या काचेतून बघत. स्वतःला मूलबाळ नव्हतं. गाडी सुटली की ते थोडा वेळ माइक बंद ठेवून नुसते बसून राहत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ही संस्था काढली. गावोगावी पोरांची मंडळं होतीच, पण त्यांना वाली नव्हता. तात्यांनी कुणाला बसायला खोली मिळवून दिली, कुणाची नोंदणी करून दिली, कुणाला दशावताराचा पडदा दिला. पोरं गावातच राहावीत, गावातच मोठी व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा होती. मनाने माणूस सोन्यासारखा. फक्त एकच सवय अंगात मुरलेली होती. त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं!

जानेवारी उजाडला. दहा मंडळांचे अहवाल आले. 'अभ्यासिकेचे कार्य समाधानकारक चालू आहे.' दहाही अहवालांत तेच वाक्य होतं आणि तात्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. अकरावा अहवाल मात्र येईना. तो सुरंगवाडीचा होता, आणि सुरंगवाडीचं मंडळ म्हणजे तात्यांनी उभं केलेलं पहिलं मंडळ. त्यांच्या काळजाचा तुकडाच म्हणा ना.

शेवटी एका सकाळी तात्यांनी लुना काढली. सुरंगवाडी तारकर्लीच्या अलीकडे, माडांच्या बनात, चाळीसेक घरांची. डांबरी रस्ता व्हाळापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. पुढे त्या ओढ्यावर पायी जाण्यापुरता अरुंद साकव, आणि साकवापलीकडे दोन दगडी गडग्यांमधून जाणारी वाळूची पायवाट. तात्या साकवापासून बरेच लांब होते तोच समोरून एक रिक्षा भरधाव आली. तात्यांना लुना कडेच्या झुडपात घालावी लागली.

"डोळे आहेत की बटणं!" तात्या ओरडले. पण रिक्षा थांबली नाही.

लुना साकवाजवळ लावून, चपला हातात घेऊन ते वाळूतून निघाले. मंडळाच्या खोलीपर्यंत पोहोचेस्तोवर घामाघूम झाले. खोली उघडी होती. कपाटात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं नीट रचलेली होती, त्यांच्यावर धूळसुद्धा नव्हती. पण ती कुणी उघडलेलीही दिसत नव्हती. आणि संस्थेने दिलेल्या दोन लांब बाकड्यांपैकी एक जागेवर नव्हतं!

तेवढ्यात बाहेर, वाडीतल्या एका घराकडून आवाज आले. मंडळाची सेक्रेटरी वर्षाली पुढे होती आणि तिच्यामागे मंडळातला विकी आणि आणखी तिघे मुलगे काहीतरी खांद्यावर घेऊन येत होते. सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत वाळूने माखलेले. खांद्यावर होतं ते बाकडंच, पण त्याचे चारही पाय कापलेले, दोन्ही कडांना बांबू बांधलेले आणि वर एक गोधडी. गोधडीच्या खालून अक्षरं दिसत होती, 'किनारा युवक आधार संस्थेकडून सप्रेम भेट – काशीराम तात्या.'

तात्यांना राग आला की ते मालवणी सोडून स्टँडवरच्या मराठीत बोलत.

"हे काय आहे?"

"बाकडा, तात्यानू," विकी म्हणाला.

"बाकडं आहे ते मलाही दिसतंय. त्याचे पाय कुठे आहेत?"

"कापले. साकवार अडकत होते."

"संस्थेची वस्तू! कुणाला विचारून कापलेत?"

वर्षालीने ओढणीने कपाळावरचा घाम पुसला. "तात्यानू, सुगंधाकाकी सकाळी बावीकडे पाणी काढताना पडली. पाय हलवूक येना नाय. रिक्षा साकवाच्या अलीकडे येना नाय, म्हणान तिका..."

"ते मी विचारलं नाही!" तात्यांचा आवाज खोलीत घुमला. "दवाखान्याचं काम दवाखाना बघेल. मंडळाचं काम काय ठरलं होतं? अभ्यासिका! ठरलेली गाडी ठरलेल्या मार्गानेच गेली पाहिजे. कट्ट्याच्या सभेत तुम्ही सगळ्यांनी होय म्हटलं होतं. म्हटलं होतं की नव्हतं?"

विकी खाली बघून पायाने वाळू उकरत राहिला. वर्षाली मात्र तात्यांकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही.

"म्हटला होता. पण ता आमी देवाक म्हटला, तात्यानू. तुमी आमका कधी इचारलास?"

पस्तीस वर्षांत तात्यांच्या माइकला कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं! त्यांनी चपला उचलल्या आणि आले तसे वाळू तुडवत निघून गेले.

घरी येऊन त्यांनी संस्थेचा कागद पुढ्यात ओढला आणि एका दमात लिहून टाकलं, 'सुरंगवाडी युवक मंडळाचे नाव संस्थेच्या यादीतून कमी करण्यात येत आहे. खोलीची किल्ली येत्या मेळाव्यात जमा करावी.' सही केली, एक प्रत पोस्टात टाकली आणि दुसरी मेळाव्यात वाचून दाखवायला खिशात ठेवली.

दुपारी तात्यांच्या पत्नीने, चंद्रावतीकाकूंनी, ताट वाढलं. भात आणि बांगड्याचं तिखलं, तात्यांच्या आवडीचं. पण घास काही केल्या खाली उतरेना. काकूंनी दोनदा बघून घेतलं आणि मग विचारलं, "काय झाला?"

तात्यांनी सगळं सांगितलं. बाकड्याचे पाय, वर्षालीचं उर्मट बोलणं, खिशातला कागद. काकू ऐकत होत्या. तात्या थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी तेंची नावा काढलास तर काय होतला, ठावक आसा?"

"शिस्त लागतली!"

"शिस्त नाय. पोरगे भायर फिरतले, पण त्या वाडीतली सात चेडवां घरात बसतली. वर्षालीची आवस-बापूस तिका मंडळात कित्या धाडतत? तात्यांचा मंडळ म्हणान. तुमचा नाव गेला की उद्यापासून घराभायर पाय टाकूक देवचे नाय तेंका."

तात्यांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तरी ते हट्टाने म्हणाले, "मगे सभेत व्हय कित्या म्हटल्यानी? नाय म्हणाचा होता!"

"गाऱ्हाण्यात?" काकू हसल्या. "अवो, देवाच्या म्होरे नारळ ठेवल्यार नाय म्हणतलो कोण? तुमी देवाक मधी उभो करतास आणि तुमचा म्हणणा तेच्या तोंडार ठेवतास. ती पोरां काय करतली?"

"पण मी तेंच्या बऱ्यासाठीच..."

"बऱ्यासाठीच करतास. माका काय ठावक नाय?" काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यांचा आवाज हळू झाला. "ह्या तिखल्यात मी तिरफळा घालतंय. चाळीस वर्सा घालतंय. माका तिरफळांचो वास आजून सोसना नाय."

तात्यांचा हात ताटातच थांबला. "काय सांगतस? मगे बोललस नाय कधी?"

"तुमी इचारलास नाय कधी. आणि मी रागान सांगूक नाय हां. तुमी माका कसलाच कमी करूक नाय. पण इचारला असतास तर बरा वाटला असता."

तात्यांनी ताटातलं एक तिरफळ बोटाने बाजूला काढलं. चाळीस वर्षं! ज्या बाईशिवाय आपलं पान हलत नाही, तिला काय आवडत नाही हे आपल्याला ठाऊक नाही. मग त्या अकरा गावांतल्या पोरांचं आपल्याला काय ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात गेले. सुगंधाकाकी खाटेवर होत्या, पायाला वजन लावलेलं. सत्तरी ओलांडलेली ती मासे विकणारी बाई तात्यांना लहानपणापासून ओळखत होती.

"ये रे काशीरामा. पोरांका वरडलस म्हणान आयकलंय."

तात्या स्टुलावर बसले. मग आयुष्यात क्वचित केलेली गोष्ट त्यांनी केली. त्यांनी विचारलं. "काकी, त्या पोरांनी बाकडा कित्या कापल्यानी?"

सुगंधाकाकींनी उशाला हात देऊन मान जरा वर उचलली.

"दोन वर्सांमागे माजो घोव छातीक धरून बसलो. ह्याच पोरांनी तेका प्लास्टिकच्या खुर्चेत बसवल्यानी. वाळूत पाय रुतत होते. साकवार खुर्ची मावना नाय. दोनदा खाली ठेवचो लागलो. रिक्षेपर्यंत जाय सर होतो नाय झालो." त्यांनी पदराने डोळे टिपले. "वर्षाली तेवा अठराची. माज्यापेक्षा तीच जास्त रडली. मगे तुजा बाकडा इला. सगळे पुस्तकां बघीत होते आणि ती बाकड्याची लांबी मोजी होती. पावसाळ्यापासून... नाय, दिवाळीपासून तेच्यार निजान जाणारी मी चौथी. शेजारच्या बाबलीची बायल गरवार होती, तिकाय ह्याच बाकड्यार नेली. चेडू झाला तिका. दोघांय बरी आसत."

काल समोरून आलेली ती रिक्षा तात्यांना आठवली. तिच्यात ह्या काकी होत्या, आणि आपण काय ओरडलो होतो!

"तेच्यार तुजा नाव आसा नाय रे?" सुगंधाकाकींनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुज्या नावार निजान इलंय मी. एकदाय हिसको लागलो नाय. पोरांनी साकवार पाय मोजून टाकल्यानी."

तात्यांना तिथे रडू आवरलं नाही. वाचकहो, कशाला लपवायचं? साठी उलटलेला माणूस दवाखान्याच्या स्टुलावर बसून पोरासारखा रडला.

फेब्रुवारीत कट्ट्याला मेळावा भरला. अकराही मंडळं आली. सुरंगवाडीची मुलं सर्वांत मागे बसली होती. वर्षालीच्या मुठीत खोलीची किल्ली होती, ती तिने एवढी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. तात्या माइकसमोर उभे राहिले. नारळ ठेवला गेला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां परत तुझ्या पायाकडे जमली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपावत मी तुझा नाव घेवन ह्या लेकरांची तोंडां बंद केलंय. तेंका काय व्हया ता एकदाय इचारलंय नाय. माजी चूक झाली ती पदरात घे रे म्हाराजा!"

आता होय कसं म्हणायचं? तात्यांची चूक झाली याला होय म्हणायची छाती कुणाची? पोरं एकमेकांकडे बघू लागली. एवढ्यात बायकांच्या बाजूने एक आवाज स्वच्छ उमटला.

"व्हय म्हाराजा!"

चंद्रावतीकाकू! सगळं सभागृह खो खो हसलं, तात्याही हसले. मग त्यांनी खिशातला कागद काढला, सर्वांदेखत फाडला आणि माइक हातात घेऊन मागच्या रांगेकडे बघितलं.

"वर्षाली, म्होरे ये गो बाय. आजचा गाऱ्हाणा तू घाल."

पहिल्या रांगेतले एक वयस्कर मानकरी चुळबुळले. "काशीरामा, चेडू गाऱ्हाणा घालतला? असा कधी झाला नाय."

"झाला नाय ता खरा," तात्या नम्रपणे म्हणाले. "पण तिचो आवाज देवाक आयकाक येवचो नाय, असा कोणी सांगल्यान?"

मानकऱ्यांनी पाय आवरून वाट करून दिली. वर्षाली पुढे आली. किल्ली तिने नारळाशेजारी ठेवली. मग तिने डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा... आमच्या वाडीत रिक्षा येना नाय. आजारी माणसांका आमी बाकड्यार घालून नेतंव. आमका एक बरो ष्ट्रेचर मिळांदे. आणि पडलेल्या माणसाक उचलूचा कसा, रक्त थांबवचा कसा, ता शिकवणारो कोणतरी येवंदे रे म्हाराजा!"

मागच्या भिंतीजवळून एक खणखणीत आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. तात्या व्यासपीठावरून उतरून शेवटच्या रांगेत, विकीच्या शेजारी जाऊन बसले होते.

"आमी अभ्यास करूचो नाय असा नाय. पण माका कलेक्टर होवचा नाय, म्हाराजा. माका नर्स होवचा आसा. त्या शिक्षणाची पुस्तकां आमका मिळांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज एकट्या तात्यांचा नव्हता.

मग काय विचारता! बांध फुटला. एका मंडळाने कबूल केलं की त्यांच्या अभ्यासिकेत शेळ्या बांधतात. दुसऱ्याला व्हाळावर बंधारा घालायचा होता. कसालकडच्या मंडळाचा कौस्तुभ उठून घाईघाईने म्हणाला, "आमची अभ्यासिका मात्र बंद करू नका हां! रोज पंधरा जण बसतत." तात्या खिशातून पेन काढून सगळं लिहून घेत होते. मध्ये मध्ये विचारत होते, "परत सांग रे, नीट कळूक नाय." सभा संपल्यावर त्यांनी नारळाशेजारची किल्ली उचलली आणि वर्षालीच्या हातात ठेवली.

"ही तुज्याकडेच ऱ्हवांदे. आणि बाकड्यावरचा नाव पुसून टाक."

"पुसूचव नाय, तात्यानू," वर्षाली म्हणाली. "सुगंधाकाकी आमका मारतली."

त्यानंतर संस्थेच्या सभेची पद्धत बदलली. आधी प्रत्येक मंडळ आपलं म्हणणं मांडतं, मग चर्चा होते, आणि गाऱ्हाणं सर्वांत शेवटी घातलं जातं. दर वेळी वेगळ्या मंडळाचा मुलगा किंवा मुलगी ते घालते. रिक्षा जाईल असा रुंद साकव व्हायला पुढे तीन वर्षं गेली. पण स्ट्रेचर पावसाळ्याआधी आलं, आणि वर्षाली त्याच वर्षी नर्सिंगला गेली. जुनं बाकडं अजून मंडळाच्या भिंतीला टेकून उभं आहे.

आणि तात्यांच्या घरी? तिथे आता बांगड्याच्या तिखल्याची दोन भांडी चुलीवर चढतात, एक तिरफळं घातलेलं आणि एक बिनतिरफळांचं.

बंधुभगिनींनो, तरुणांसाठी झटणारी माणसं आपल्या गावोगावी आहेत, आणि त्यांच्या हेतूत खोट नसते. पण मदत करणाऱ्याला मान असतो, आणि मानापुढे पोरं होय म्हणतात. तो होकार ऐकून आपण खुश होतो आणि आपलं कर्तव्य झालं असं समजतो. असं समजू नका! त्यांना काय हवं ते आधी विचारा, आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसा. तुमच्या गावातल्या मंडळाकडे आज संध्याकाळी जाल तेव्हा सांगायला काही घेऊन जाऊ नका. शेवटच्या रांगेत जागा असेल तिथे बसा.